एकशे बारा नंबरचं रक्त

थोरला तोंडावर कधी नाही म्हणत नसे आणि सांगितलेलं कधी करत नसे. लहानपणापासूनची खोड. दूध पी म्हटलं की पेला घेऊन खिडकीशी जायचा आणि रिकामा पेला आणून दाखवायचा. खिडकीखालचं मांजर मात्र दिवसेंदिवस गुबगुबीत होत चाललेलं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आता चाळिशी उलटली, पोट पट्ट्याबाहेर आलं, केस मागे सरले, तरी पेला आणि खिडकी सुटली नव्हती. फक्त दुधाच्या जागी गोळ्या आल्या होत्या आणि मांजराच्या जागी बापाचा बूट.

बूट म्हातारीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, मेलेल्या नवऱ्याचे. काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर उभं राहण्यासाठी मिळायचे तसले, जाड तळाचे. म्हातारीनं ते बावीस वर्षं दाराशी ठेवले होते आणि महिन्यातून एकदा पॉलिश करायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "चोराला वाटावं घरात पुरुष आहे." घरात दोन दोन मुलगे घोडे झाले तरी कारण तेच. त्या दिवशी डावा बूट तिनं झटकायला उलटा केला आणि फरशीवर पांढऱ्या गोळ्यांचा सडा पडला.

ती खाली बसली आणि एकेक गोळी वेचून ओंजळीत घेतली. ओंजळ भरली.

"ढोल्या!" तिनं हाक मारली. रागावली की ती चाळिशीच्या मुलालाही ढोल्याच म्हणे. "इकडे ये. तुझ्या बापाला बघ कोलेस्टर झालाय. त्याच्या बुटात औषध सापडलं."

थोरला आला, गोळ्या बघितल्या आणि चेहरा असा केला की जणू पाहुण्यांच्या घरी आलाय.

"बोल की."

"विसरलो असेन."

"रोज विसरलास, आणि रोज नेमका बुटातच विसरलास?"

थोरली सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. सहा महिने ती नवऱ्यासाठी वेगळं उकडत होती. बिनतेलाची भाजी, बिनलोण्याचा पाव, अंड्याचा नुसता पांढरा. लोण्याचा डबा म्हातारीनं आपल्या कपाटात कुलपात ठेवला होता. हे सगळं कशासाठी, तर कारखान्यातल्या वार्षिक तपासणीत थोरल्याच्या रक्तात चरबी निघाली होती. तीनशे एकतीस. कारखान्याच्या डॉक्टरनं त्याला बोलावून सांगितलं होतं, रक्तात दोन जातीचं कोलेस्ट्रॉल असतं. एक झाडूवाल्यासारखं, पडलेलं उचलून नेतं. दुसरं केर टाकत जातं, आणि तो केर रक्ताच्या नळीच्या भिंतीत शिरून बसतो. झाडूवाले कमी पडले आणि केर टाकणारे मातले की भिंत आतल्या आत जाड होते, नळी अरुंद होते. रोज एक गोळी, आयुष्यभर. थोरल्यानं हे सगळं घरी येऊन असं सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाचं दुखणं सांगतोय.

म्हातारीला झाडूवाल्याचं पटलं होतं. ती अक्षर ओळखत नव्हती, स्वतःचं नाव तेवढं गिरवून काढायची; पण आकडे तिला शिकवावे लागले नव्हते. काचेच्या कारखान्यात बाटल्या निवडायच्या खोलीत ती वीस वर्षं होती, त्यातली बारा वर्षं मुकादमीण. हातात बाटली घ्यायची, दिव्यासमोर धरायची, एक गिरकी द्यायची. बाहेरून तकतकीत बाटली, पण भिंत एका अंगानं जाड नि दुसऱ्या अंगानं पातळ असली की उजेड तिथे वाकतो. ती बाजूला टाकायची. गरम भरलं की असली बाटली फुटते, आणि कधी फुटेल ते कोणी सांगू शकत नाही. वाड्यातल्या बायका, म्हणजे कारखान्याच्या चाळवजा इमारतीतल्या शेजारणी, तिला अजून मुकादमीणच म्हणत, काही प्रेमानं, बऱ्याचशा धाकानं.

"आजपासून मी समोर उभी राहीन," ती म्हणाली. "गोळी, पाणी, आ कर. जीभ वर. समजलं?"

"समजलं," थोरला म्हणाला. नेहमीप्रमाणे.

एवढ्यात धाकटा आला. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी तो क्षणभर चौकटीला टेकला, मग हसत आला. तीन जिने चढून आला की हल्ली तो असाच टेकायचा. दुसऱ्या जिन्यावर बुटाची नाडी बांधत बसलेला तर शेजारणींनी कितीदा पाहिला होता. एकीनं म्हातारीला विचारलंही होतं, धाकट्याला नाडी बांधायला शिकवलं नाही वाटतं?

"काय, दादाची परेड चालू आहे?" धाकट्यानं गोळ्यांकडे बघितलं आणि भावाकडे बघितलं. दोघांची नजर एकदा भेटली आणि सुटली. म्हातारीनं ती नजर बघितली, पण तिचा अर्थ तिनं भलताच लावला. तिला वाटलं, हसतायत मेले.

"तू हस. तुझं काय जातंय. काडी आहेस, बापासारखी."

आणि होता तो बापासारखाच. लांब मान, बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग, आणि डोळे तर हुबेहूब. पापण्यांवर नाकाच्या बाजूला पिवळसर दाणे, बारीक, मेणाचे थेंब गोठावेत तसे. बापालाही होते. म्हातारी कौतुकानं सांगायची, बापाचा बिल्ला थोरल्याला मिळाला आणि बापाचे डोळे धाकट्याला. बिल्ला म्हणजे पितळेची चकती, तिच्यावर नंबर एकशे बारा. बाप त्रेचाळिसाव्या वर्षी भट्टीसमोर छातीवर हात ठेवून खाली बसला तो उठला नाही. मग त्याच्या जागेवर थोरल्याला कायम घेतलं. धाकटा राहिला ठेकेदाराकडे. आज आहे, उद्या नाही. त्याला कायम करायचं कारखान्यात तीन वर्षं चाललं होतं, आणि आता म्हणे तीन महिन्यांवर आलं होतं.

नवरा गेल्यावर तिनं मुलांना एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. एक पडला तर दुसऱ्यानं त्याच्या जागी उभं राहायचं. जग विचारायला येत नाही, जागा रिकामी दिसली की दुसऱ्याला देऊन टाकतं. मुलांनी ते मनावर घेतलं. थोरल्याची पाठ धरली, ताप आला, की धाकटा एकशे बाराचा बिल्ला लावून भट्टीवर जायचा. भट्टीसमोर तोंडाला फडकं, डोळ्यांना निळा चष्मा, अंगावर जाड ढगळा कोट. कोण कोण ते आईलाही कळू नये. फोरमनला कळायचं, पण काम होतंय म्हटल्यावर तो दुसरीकडे बघायचा. म्हातारी हे चारचौघींत मिरवायची. "माझे दोघं मिळून एक नंबर आहेत," म्हणायची.

जेवायला बसले. थोरल्याच्या ताटात दोन अंड्यांचा पांढरा भाग. पिवळे बलक बशीत उरलेले.

"टाकू नका, इकडे द्या," धाकटा म्हणाला. रोजच म्हणायचा. म्हातारीनं दोन्ही बलक स्वतःच्या हातानं त्याच्या ताटात वाढले, वर कुलपातलं लोणी आणून चमचाभर घातलं. बारीक आहे, अंगाला लागू दे.

धाकट्यानं दोन घास खाल्ले आणि डाव्या जबड्यावर हात दाबला.

"परत दाढ?" त्याची बायको म्हणाली. "आई, तुम्ही तरी सांगा यांना. जिना चढले की दाढ, पिशवी उचलली की दाढ."

"उपटून टाक म्हणावं," म्हातारी म्हणाली. "इतका मोठा झालास, दाताला भितोस?"

थोरल्याचा घास हातातच राहिला. तो काहीतरी बोलेल असं वाटलं. पण त्यानं पांढरा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिला.

नवव्या दिवशी थोरल्याच्या रक्ताची फेरतपासणी होती. म्हातारी पहाटेपासून खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या दारात बसली. गेल्या खेपेला काय झालं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. ती फक्त एवढंच ओळखून होती की ढोल्याला सकाळी भूक आवरत नाही, आणि रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. तिनं त्याला पाणीसुद्धा मोजून दिलं आणि बिल्ला खिशाला लावून पाठवला. त्या दिवशी त्यानं जन्मात पहिल्यांदा सांगितलेलं केलं.

चार दिवसांनी तो कागद घेऊन आला. एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर खूष. म्हणाला, कमाल केलीस.

म्हातारीनं तो कागद घेतला आणि अख्ख्या इमारतीत फिरवला. "तीनशे एकतीसचे एकशे अठ्ठ्याहत्तर! गोळी कसली, हा माझ्या कुलपाचा गुण." जिच्याशी वर्षभर अबोला होता तिचंही दार वाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिचा तोरा उतरला नव्हता. थोरल्याची पाठ धरली होती म्हणून तो घरी पडून होता, आणि धाकटा त्याचा बिल्ला लावून पहिल्या पाळीला गेला होता. म्हातारी दोन्ही कागद, जुना नि नवा, उशाच्या डब्यात नीट ठेवायला बसली.

ठेवता ठेवता तिचा हात थांबला.

बाटल्यांच्या खोलीत असताना पेटी भरली की ती दोनदा मोजायची. आलेल्या किती, टाकलेल्या किती, उरलेल्या किती. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर पेटी पुढे जायची नाही, मालक येऊन उभा राहिला तरी. आणि इथे जुळत नव्हतं. गोळ्या बुटात होत्या. सहा महिन्यांच्या. तपासणीआधी तिनं समोर उभं राहून गिळायला लावल्या त्या सगळ्या मिळून आठ, त्यातल्याही किती खरंच गिळल्या देव जाणे. कुलपाचा गुण म्हणावा तर थोरला वाटेतल्या दुकानात काय काय खाऊन येतो हे तिला त्याच्या शर्टाच्या वासावरून कळत होतं; ते तिनं इमारतीत सांगितलं नव्हतं इतकंच. मग रक्त निवळलं कशानं?

तिनं दोन्ही कागद खिडकीपाशी नेले आणि शेजारी शेजारी धरले, उजेडाला धरावेत तसे.

मग ती थोरल्याच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

"पहिलं रक्त कुणाचं?"

थोरला पाठीला उशी लावून पडला होता. त्यानं छताकडे बघितलं.

"मी काय विचारलं?"

"आई, त्या दिवशी मी खाल्लं होतं. सकाळी उठलो आणि भूक लागली. उपाशी नसेल तर रक्त घेत नाहीत, दांडी लागते. मग... तो होता तिथे. टेबलाशी शहरातून आलेली माणसं होती, बिल्ला बघतात आणि सुई लावतात."

"तो म्हणजे कोण?" तिला कळलं होतं. तरी विचारलं.

"धाकटा."

खोलीत थोरली सून होती, धाकटी सून होती. धाकटीच्या हातातला कपडा खाली पडला.

"सहा महिने झाले," म्हातारी म्हणाली. "सहा महिने तुम्ही दोघं गप्प?"

"तो म्हणाला मशीन बिघडलं असेल. काडीला कसली चरबी. चरबी असलीच तर ती तुझी, दादा, म्हणाला, माझ्या सुईत तुझी आली असेल. हसला. मी त्याला गोळ्या देत होतो, आई, शपथ. तो म्हणाला बुटात टाक. कायम झालो की माझ्या नावानं तपासणी होईलच, तेव्हा बघू. तीन महिने राहिलेत. आत्ता बाहेर पडलं तर माझा बिल्ला जातो आणि त्याचं नाव यादीतून जातं."

"त्यांची दाढ दुखते," धाकटी म्हणाली. ती कोणाला सांगत नव्हती, स्वतःशीच बोलत होती. "जिना चढले की दाढ दुखते."

"बाहेरच्या डॉक्टरला दाखव म्हटलं होतं मी त्याला," थोरला म्हणाला.

"किती वेळा?"

थोरला पाठीमागची उशी नीट करू लागला.

"किती वेळा म्हटलंस?"

"एकदा."

म्हातारीनं पायात चपला सरकवल्या. पासष्टीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, पण तीन जिने अशी उतरली की धाकटीला तिच्यामागे पळावं लागलं. आत्ता जायचं, त्याला भट्टीवरून उतरवायचं, समोर धरून बाहेरच्या डॉक्टरकडे न्यायचं. बिल्ला गेला खड्ड्यात. रस्ताभर ती हेच पुटपुटत होती. कारखान्याचं फाटक दिसलं तेव्हा पाळी सुटायला अजून दोन तास होते.

फाटकावरचा पहारेकरी तिला ओळखत होता. तो उठून उभा राहिला.

"मुकादमीणबाई, तुम्हाला कोणी निरोप दिला? आत्ता माणूस पाठवणारच होतो. तुमच्या थोरल्याला बरं वाटत नाहीये. दवाखान्यात झोपवलंय. काळजीचं काही नाही म्हणतात, पित्त आहे."

"कधीपासून?"

"झाले की दीड-दोन तास."

कारखान्याचा दवाखाना म्हणजे एक खोली, एक बाकडं, औषधांचं एक कपाट. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच यायचा. बाकीचे दिवस कंपाउंडर. बाकड्यावर धाकटा पडला होता. चेहरा राखेसारखा, कपाळावरून घाम कानात ओघळत होता, आणि डावा हात त्यानं उजव्या हातानं छातीशी दाबून धरला होता, कोणी हिसकावून नेईल असा. खिशावर पितळेची चकती. एकशे बारा.

कंपाउंडर हातात कागद घेऊन आला. नवा, सज्जन माणूस, कामगारांना नंबरानंच ओळखणारा; आपलं काम चोख केल्याचा विश्वास होता त्याला. "घाबरू नका आजी. छातीत जळजळ म्हणाला, म्हणून मी लगेच फाइल काढली. कालच आलेला रिपोर्ट आहे, एकदम स्वच्छ. डॉक्टरांना फोनसुद्धा लावला. ते म्हणाले एकशे बारा ना, त्याचं हृदय-बिदय काही नाही, मी स्वतः बघितलाय कागद. भट्टीची उष्णता आणि पित्त. औषध दिलंय, पडू द्या."

म्हातारी इतक्या मोठ्यानं ओरडली की भट्टीवरची माणसं दारात आली.

"हा एकशे बारा नाही! हा माझा धाकटा आहे! गाडी काढा!"

धाकट्यानं डोळे उघडले. पापण्यांवरचे ते पिवळे दाणे घामानं चकाकत होते. "आई, ओरडू नको," तो म्हणाला. "दादाचा बिल्ला जाईल." मग त्यानं तोंड वाकडं केलं, हसायला म्हणून. "दाढ उपटायला हवी होती."

"तू सांगितलं का नाहीस यांना? दोन तास झाले, सांगितलं का नाहीस तू कोण आहेस?"

"म्हटलं की मी. दादाला बोलवा म्हटलं." श्वास घ्यायला तो थांबला. "हे म्हणाले, तुला भाऊ कुठे आहे फाइलीत."

गाडी आली. मोठ्या रुग्णालयाच्या दारात त्याला खाली घेतलं तेव्हा धाकटी त्याचे तळवे चोळत होती आणि ते गरम होत नव्हते.

रुग्णालयातली डॉक्टरीण पाऊण तासानं बाहेर आली. तरुण होती, हातमोजे काढायचे राहिले होते. सांगायचं ते तिनं आधी सांगितलं, सरळ, आडवळण न घेता. धाकटी भिंतीला धरून खाली बसली. म्हातारी उभीच राहिली.

"तुम्ही आई? एक विचारू? त्यांच्या पापण्यांवर पिवळे डाग आहेत. टाचेच्या मागची शीरही जाड आहे. हे कधीपासून?"

"बापाचे डोळे आहेत ते," म्हातारी म्हणाली.

"म्हणजे वडिलांनाही होते? ते कशानं गेले?"

"भट्टीसमोर. छातीत कळ आली. त्रेचाळिसाव्या वर्षी." ते भट्टीच्या झळेनं गेले असं ती बावीस वर्षं सांगत आली होती. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि परत गेलं.

डॉक्टरणीनं हातमोजे काढले. मग तिनं समजावून सांगितलं. काही घराण्यांत हे रक्तातूनच येतं. यकृत ती चरबी उचलतच नाही, जन्मापासून. माणूस बारीक असो की जाड, त्याचा काही संबंध नाही. ती चरबी नळीला आतून चिकटते असं लोकांना वाटतं, पण ती भिंतीच्या आत शिरते, थर धरते, भिंत फुगते. वर्षानुवर्षं बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस ती भिंत आतून फुटते आणि तिथे रक्त गोठतं.

"बाटलीसारखं," म्हातारी म्हणाली.

"काय?"

"काही नाही. बलकानं झालं का? अंड्याचे बलक मी वाढायचे त्याला. दुसऱ्याच्या वाटणीचे. आणि लोणी."

"लोण्यानं भर घातली असेल थोडी. पण मूळ ते नाही. याला गोळ्याच लागतात, आणि त्या दहा-पंधरा वर्षांपूर्वी सुरू व्हायला हव्या होत्या." मग डॉक्टरणीनं अगदी सहज विचारलं, "कधी रक्त तपासलं नव्हतं का यांचं?"

म्हातारीच्या डोळ्यांपुढे उशाच्या डब्यातला जुना कागद आला, तीनशे एकतीस.

"तपासलं असतं तर?" तिनं उलट विचारलं. "समजा सहा महिन्यांपूर्वी?"

"सहा महिन्यांत भिंती पातळ होत नाहीत, आजी. वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. पण जिना चढताना जबडा दुखतो, हे ऐकून कोणी त्याला दाढ समजलं नसतं. आणि दोन तास पित्ताच्या औषधावर ठेवलं नसतं." जाता जाता ती वळली. "त्यांना मूल आहे?"

मूल होतं. सात वर्षांची मुलगी, घरात सगळे तिला बारकी म्हणत. आठवड्यानं म्हातारीनं तिला स्वतः नेलं, उपाशीपोटी. टेबलामागच्या माणसानं नाव विचारलं तेव्हा बारकीच्या आधी म्हातारीच बोलली, मुलीचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एवढ्या मोठ्यानं की माणूस दचकला. सुई टोचताना पोर रडली नाही. म्हणाली, आजी, हे माझंच रक्त ना?

दोनशे ब्याण्णव.

डॉक्टरणीनं कागद बघितला आणि म्हणाली, वेळेवर आणलंत. हिची भिंत अजून साफ असेल. थोडी मोठी झाली की गोळ्या सुरू करू, तोवर दर सहा महिन्यांनी यायचं. म्हातारीनं कागदाची घडी करून छातीशी धरली. घरी आली तेव्हा थोरला स्वयंपाकघरात बसला होता. त्याच्यापुढे पाण्याचा पेला होता आणि तळव्यावर एक पांढरी गोळी.

भाऊ गेल्यापासून तो रोज गोळी घेत होता. कोणी न सांगता. घ्यायचा आणि आईसमोर येऊन आ करायचा, जीभ वर. म्हातारीनं आठ दिवस बघितलं होतं आणि काही म्हटलं नव्हतं. पण येताना तिला फाटकावरच्या पहारेकऱ्यानं थांबवलं होतं. जड जिभेनं त्यानं सांगितलं होतं, की कारखान्याच्या कागदावर थोरल्यानं सही केलीय. धाकटा त्या दिवशी भावाला डबा द्यायला आत आला होता आणि चक्कर येऊन पडला, असं त्यावर लिहिलंय. फोरमननं मजकूर सांगितला. भट्टीवर त्या दिवशी एकशे बारा नंबरवर खुद्द थोरलाच होता, असंही.

"सही केलीस?" म्हातारी म्हणाली.

थोरल्यानं मान वर केली नाही. "फोरमन म्हणाला, गेलेला परत येणार नाही. बिल्ला राहिला तर घर राहील. धाकटीचं, बारकीचंही बघता येईल. मी 'नाही' म्हणू शकलो नाही."

"माहीत आहे."

त्यानं गोळी उचलून तोंडाकडे नेली. म्हातारीनं त्याचं मनगट धरलं, गोळी काढून घेतली आणि आपल्या मुठीत ठेवली. धाकटी दारात उभी होती, बारकी तिला बिलगून. म्हातारीनं त्यांना आत जा म्हटलं नाही. त्यांच्यासमोरच बोलली, आवाज न चढवता, आणि थोरली पुढे सांगायची की सासूबाईंना इतक्या हळू बोलताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

"ही तुझी नाही. ती खाऊन तुझं पाप धुतलं जाणार नाही, तुझं रक्त धुतलेलंच आहे. आता ऐक. एकाच्या जागी दुसऱ्यानं उभं राहायचं, हे मी शिकवलं. बलक मी वाढले. दाढ उपट मी म्हटलं. ते माझ्या डोक्यावर, मरेपर्यंत, त्यात मी तुला वाटेकरी करत नाही. पण तोंड मिटून राहा असं मी तुला कधी शिकवलं नाही. सहा महिने तुला माहीत होतं आणि तू एकदा बोललास. आता तो गेलाय तर तू त्याचं शेवटचं कामही पुसून टाकलंस. डबा द्यायला आला होता म्हणे! उद्या सकाळी त्या बिल्ल्यासकट फाटकात जा आणि लिहून दे, की भट्टीवर तो होता, आणि तीनशे एकतीस रक्त त्याचं होतं. बिल्ला गेला तर जाऊ दे, मी या वयात बाटल्या निवडीन. आणि ते लिहून येईपर्यंत या घरात तुला ताट नाही. तेव्हा तुला एक सकाळ उपाशी राहवलं नाही ना? आता राहा."